मोज गो बाय, दिवा मोज



आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीच्या मुखाशी वसलेलं. घराच्या पडवीत बसलं की पुढे माडांची रांग, त्यापलीकडे खाडी आणि खाडीच्या पलीकडे समुद्रात घुसलेला काळ्या खडकाचा दांडा. त्या दांड्यावर दीपगृह होतं. गावात त्याला कुणी दीपगृह म्हणत नसे. 'दांड्यावरचा दिवा' एवढंच त्याचं नाव. तिन्हीसांजेला घरातली समई लागायची, तुळशीपाशी पणती लागायची आणि त्याच सुमारास तो दिवाही लागायचा. लहानपणी मला वाटायचं, तोही आमच्याच घरातला एक दिवा आहे, फक्त जरा लांब ठेवलेला.

माझे बाबा गलबतावर तांडेल होते. गलबत त्यांचं नव्हे, शेठचं. मुंबईला जाताना आंब्याच्या पेट्या, लाकूडफाटा. येताना मीठ, सिमेंट, कधी दक्षिणेकडून मंगलोरी कौलं. नारळी पौर्णिमेनंतर ते घर सोडत आणि पाऊस तोंडावर आला की परतत. मधल्या महिन्यांत आमच्या बंदरात गलबत लागलं तर दोन-चार दिवस त्यांचा सहवास मिळे. अशा एखाद्या रात्री ते मला मांडीवर घेऊन पडवीत बसायचे आणि म्हणायचे, "मोज गो बाय, दिवा मोज."

मी उजेड मोजायला लागायची. ते हसून सांगायचे, "उजेड नव्हे, काळोख मोज. उजेड सगळ्यांचा सारखाच असतो. ह्या दिव्याचा काळोख किती आणि त्या दिव्याचा किती, यावरून कळतं आपण कुठे आहोत ते."

पुढे मी शिक्षिका झाले, तीसेक वर्षं मुलांना भूगोल शिकवला. पण दीपगृह म्हणजे काय, हे त्या एका वाक्याइतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही. प्रत्येक दीपगृहाची स्वतःची एक खूण असते. कुठे एकच झोत ठरावीक सेकंदांनी येतो, कुठे दोन झोत लागोपाठ आणि मग मोठा काळोख, कुठे तीन. शेजारशेजारच्या दोन दिव्यांची खूण सारखी ठेवत नाहीत. नकाशात आणि दिव्यांच्या यादीत ती खूण लिहिलेली असते. माझ्या बाबांना ती यादी वाचता येत नव्हती. कुलाब्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतचे सगळे काळोख त्यांना तोंडपाठ होते.

कोकणच्या किनाऱ्यावर दिव्यांची गरज का पडली, हे त्या किनाऱ्याचा नकाशा पाहिला की लक्षात येतं. ही किनारपट्टी सरळ नाही. थोडी पुळण, मग खाडी, मग समुद्रात घुसलेला डोंगराचा सोंडेसारखा भाग, पुन्हा पुळण. ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाचे हे दांडे पाण्यावर दिसतात तेवढेच नसतात. पाण्याखालीही त्यांची खडपं दूरवर पसरलेली असतात. भरतीला ती झाकली जातात आणि नेमकी तेव्हाच घात करतात. ज्या खडकांनी शत्रूच्या जहाजांपासून आपले जलदुर्ग सांभाळले, तेच खडक आपल्या गलबतांनाही सोडत नसत. म्हणून आपल्याकडे जिथे किल्ला तिथे बहुधा दिवा, असा योग जुळलेला दिसतो. देवगडच्या किल्ल्यात दिवा, रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर दिवा, कोर्लईच्या डोंगरावर दिवा, खांदेरीवर दिवा. पहाऱ्याला जी जागा चांगली, तीच दिव्याला चांगली.

नोकरी लागल्यावर मी सुट्टीत एकेक दीपगृह पाहायला सुरुवात केली. हौस माझी, पण तिचं बी बाबांनी पेरलेलं. त्यांतली दोन-चार ठिकाणं आज तुम्हाला दाखवते.

मुंबईपासूनच सुरुवात करू. कुलाब्याच्या दक्षिण टोकापुढे खडकांची एक रांग समुद्रात शिरते. तिच्यावर प्रॉंग्स दीपगृह उभं आहे. १८७५ साली थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याने ते बांधलं आणि त्या काळात त्यावर सहा लाख वीस हजारांहून अधिक रुपये खर्च झाले. समुद्रातल्या खडकावर बांधकाम करायचं म्हणजे ओहोटीच्या घड्याळावर काम करायचं. पाणी उतरलं की गवंडी खडकावर, पाणी चढायला लागलं की परत. चाळीस मीटरहून उंच असा तो दगडी मनोरा दीडशे वर्षं लाटांचा मार खात उभा आहे. मी तो होडीतून पाहिला. भरतीच्या वेळी मनोरा थेट पाण्यातूनच उगवल्यासारखा दिसतो. कोकणातून गलबत घेऊन येणाऱ्या माणसाला हा दिवा दिसला की मुंबई आली.

मुंबईहून दक्षिणेला आलं की थळच्या समोर समुद्रात खांदेरीचं बेट आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचं ठाणं उभं राहतंय म्हटल्यावर इंग्रजांनी गलबतं पाठवून काम बंद पाडायचा खूप खटाटोप केला. सिद्दीने तर शेजारच्या उंदेरीवर स्वतःचं ठाणं मांडलं. तरीही तटबंदी उभी राहिलीच. गंमत पाहा, ज्या बेटावर मराठ्यांनी दगड रचू नये म्हणून इंग्रज झगडले, त्याच बेटावर जवळपास दोन शतकांनी, १८६७ साली, इंग्रजी राजवटीत अष्टकोनी दीपगृह उभं राहिलं. आज ते कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखलं जातं. ज्या दर्यासारंगाच्या नुसत्या नावाने परक्या जहाजांची झोप उडायची, त्याच्या नावाचा दिवा आता साऱ्या जहाजांना वाट दाखवतो.

थळहून होडीने तिथे गेलात तर वेताळाचं देऊळ पाहा. कोळी बांधवांचं ते मोठं श्रद्धास्थान. आणि तिथला वाजणारा दगडही पाहा. लहान दगडाने त्यावर ठोकलं की धातूच्या भांड्यासारखा नाद येतो. माझ्याबरोबरच्या शाळेच्या मुलींनी तो इतका वाजवला की शेवटी मला त्यांना हाताला धरून पुढे न्यावं लागलं. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत खांदेरी आहे. दीपगृह पाहायला जाणाऱ्याला किल्ला आणि किल्ला पाहायला जाणाऱ्याला दीपगृह, असा दुहेरी लाभ तिथे होतो.

अलिबागहून रेवदंड्याच्या पुलावरून पुढे गेलं की कोर्लई लागतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी आणि मधे मगरीसारखा पडलेला डोंगर. त्यावर पोर्तुगीजांचा किल्ला आणि समुद्राकडच्या उतारावर दीपगृह. हे दीपगृह जुनं नाही, १९५५ सालचं. पण जागा अशी की पाहणारा तासभर हलत नाही. खाली कोर्लई गावात ख्रिस्ती वस्ती आहे आणि त्यांच्या घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून तयार झालेली बोली आजही बोलली जाते. पोर्तुगीज इथून १७४० साली गेले. किल्ला पडला, तोफा गंजल्या, पण आईच्या तोंडची भाषा टिकली.

आता ज्यासाठी हा सगळा विषय बोलायला घेतला, तिकडे येते.

माझ्या बाबांनी जन्मभर दिवे मोजले, पण एकाही दीपगृहात ते कधी गेले नव्हते. तांडेलाने दिवा पाहायचा तो समुद्रावरून. जमिनीवरून त्याच्याकडे जायचं त्याला कारण काय? मी अनेकदा म्हटलं, "बाबा, चला, आपल्या दांड्यावर जाऊन येऊ." ते विषय बदलायचे. फार आग्रह केला तर उठून आत जायचे. याचं कारण आम्हाला ठाऊक होतं, पण घरात त्याविषयी बोलायची रीत नव्हती.

१९६९ सालचा मे महिना संपत आला होता. मी बारा वर्षांची होते. शेठने एक शेवटची खेप करायला सांगितली. खरं म्हणजे आभाळ भरून यायला लागलं होतं आणि शहाण्या तांडेलांनी गलबतं वर ओढायला सुरुवात केली होती. बाबांनी खेप घेतली. परतताना, गाव अगदी हाकेच्या अंतरावर आलेलं असताना, रात्री पश्चिमेकडून वावटळ आली. दिवा दिसेना. गलबत खडपावर चढलं आणि फुटलं. सगळे खलाशी फळ्यांना धरून किनाऱ्याला लागले. एकटा लागला नाही. रांधपासाठी घेतलेला पोरगा होता, चौदा-पंधरा वर्षांचा. आमच्या वाडीतलाच. त्याची आई आणि माझी आई एकाच विहिरीवर पाणी भरायच्या.

बाबांनी त्या माऊलीला सांगितलं, "दिवा बंद होता गो. दिवा असता तर माझं गलबत चुकलं नसतं." तेच त्यांनी गावाला सांगितलं, तेच आम्हाला सांगितलं. त्यानंतर ते कधी तांडेल म्हणून समुद्रावर गेले नाहीत. दुसऱ्याच्या माडांची देखरेख केली, जाळी विणली. आमच्या घरी आषाढात दिव्याच्या अवसेला आई पाटावर सगळे दिवे घासूनपुसून मांडायची. त्यात एक कणकेचा दिवा दांड्यावरच्या दिव्याच्या नावाचा असायचा. त्या वर्षी बाबांनी तो उचलून बाजूला ठेवला. पुन्हा कधी तो मांडला गेला नाही.

मधे ३४ वर्षं गेली. २००३ सालच्या डिसेंबरात मी बाबांना घेऊन एका लग्नासाठी जयगडच्या बाजूला गेले होते. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. जयगडचं दीपगृह जवळच आहे म्हटल्यावर मी सहज विचारलं आणि काय मनात आलं कोण जाणे, ते म्हणाले, "चल. हा काय आपला नव्हे."

जयगडचं दीपगृह १९३२ सालचं. दगडाचं नाही, बिडाचं. शास्त्री नदीची खाडी समुद्राला मिळते तिथल्या उंच सड्यावर ते उभं आहे. खाली जयगडचा किल्ला, समोर अथांग समुद्र. आता तिथे मोठं बंदर झालं आहे, अजस्र जहाजं लागतात. तेव्हा ते नव्हतं. सड्यावर पिवळं पडलेलं गवत आणि वारा, एवढंच.

तिथला दीपपाल तरुण होता. विदर्भातला. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा समुद्र पाहिला, असं त्याने हसत सांगितलं. बाबा तांडेल होते हे कळल्यावर त्याने चपला काढायला सांगून आम्हाला आपल्या मागोमाग वर नेलं. "काका, सावकाश या, घाई नाही." बाबांचे गुडघे दुखत होते. गोल जिन्यावर ते दर दहा-बारा पायऱ्यांनी थांबत, लोखंडावर हात टेकत आणि पुन्हा चढत.

वर काचेच्या खोलीत पडदे ओढलेले होते. मला वाटलं, काचा मळू नयेत म्हणून असतील. तो म्हणाला, "बाई, हे भिंग रात्री आतला उजेड बाहेर फेकतं. तेच दिवसा बाहेरचं ऊन आत गोळा करतं. पडदा नसेल तर सूर्य इथे आग लावेल." मग त्याने आम्हाला भिंग दाखवलं. मधे एक गोल काच आणि तिच्याभोवती काचेच्या कड्या, पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारख्या. दोनशे वर्षांपूर्वी ऑगस्तँ फ्रेनेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याने ही युक्ती काढली. जाडजूड अखंड भिंग करायच्या ऐवजी त्याच्या वक्रतेचे तुकडे कड्या-कड्यांनी मांडायचे. वजन कमी, काच कमी आणि चहूकडे वाया जाणारा उजेड एका झोतात बांधला जातो. त्याआधी नुसत्या वाती आणि आरसे होते. त्याही आधी लाकडं पेटवत. पुढे रॉकेलची वाफ करून मँटल पेटवायची पद्धत आली, आपल्या लग्नातल्या पेट्रोमॅक्स बत्तीसारखी. भिंग फिरवायला घड्याळासारखी यंत्रं असत आणि त्यांची वजनं दीपपाल रात्रीतून कितीतरी वेळा हाताने वर चढवत. मग वीज आली.

बाबा ऐकत होते, पण त्यांची नजर त्या दिव्यावर खिळली होती. आत बसवलेला दिवा अगदी छोटा होता. ते मला म्हणाले, "एवढासाच असतो होय गो हा?"

मग त्यांनी त्या मुलाला विचारलं, "हा किती लांबून दिसतो?"

त्याने नीट समजावून सांगितलं. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दिवा कितीही तेज असला तरी उंचीप्रमाणे त्याला मर्यादा येते. समुद्रसपाटीपासून पन्नास मीटर उंचीवर दिवा असेल आणि गलबतावरच्या माणसाचा डोळा पाण्यापासून चार मीटरवर असेल, तर साधारण ३५ किलोमीटरवरून तो दिसायला लागेल. "पण काका, हे सगळं स्वच्छ हवेचं गणित. धुकं असेल, मुसळधार पाऊस असेल, तर एवढा झोतही पाण्याच्या पडद्यात विरून जातो. अगदी जवळ असलेल्या माणसालासुद्धा दिसत नाही. आम्ही इथे वर दिवा चालू ठेवून बसलेले असतो आणि खालच्याला वाटतं दिवा बंद आहे."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दिवा चालू असूनही दिसत नाही."

"नाही दिसत काका."

"बरं."

एवढंच. आम्ही बाहेरच्या सज्जात आलो. वारा इतका होता की मी त्यांचा दंड धरला. त्यांनी खाली समुद्राकडे पाहिलं. ज्या वाटेने ते वर्षानुवर्षं गेले-आले, ती वाट ते पहिल्यांदा वरून पाहत होते. त्यांनी मला खडपं दाखवली. वरून ती पाण्याखाली काळ्या डागांसारखी दिसत होती. म्हणाले, "वरून सगळं दिसतंय बघ."

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून होते. गाव जवळ आल्यावर एकदम म्हणाले, "बाय, मला दिवा दिसला नाही हे खरं. पण तो बंद होता हे मी सांगितलं. ते मला ठाऊक नव्हतं. आणि खेप मी घेतली होती, दिव्याने नव्हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी घेऊन निघाले. मी बरोबर गेले. त्या पोराची आई तेव्हा हयात होती, बाबांपेक्षा थोडी मोठीच. पडवीत सुपारी कातरत बसली होती. बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "वैनी, त्या रात्री दिवा बंद नव्हता. मी तुला खोटं सांगितलं. मुद्दाम नव्हे, पण खोटंच. चुकी माझी. आभाळ बघून मी निघायला नको होतं."

तिने अडकित्ता खाली ठेवला. म्हणाली, "ठाऊक आहे मला, भावोजी. पोर येणार म्हणून मी त्या रात्री जागीच होते. पाऊस ओसरला तेव्हा इथूनच दिसत होता दिवा."

चौतीस वर्षं तिला ठाऊक होतं. ती बोलली नव्हती. बाबांनी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही समुद्र सोडलात. आणखी काय बोलायचं होतं?" मग तिने आत हाक मारून सुनेला चहा टाकायला सांगितला.

श्रोतेहो, यात कुणी कुणाला माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. बाबा घोटाघोटाने चहा प्याले आणि आम्ही घरी आलो. पुढच्या आषाढात दिव्याच्या अवसेला आई पाट मांडत होती, तेव्हा बाबांनी परातीतल्या कणकेचा एक गोळा घेतला आणि स्वतःच्या हाताने तो बाजूला राहिलेला दिवा केला. वेडावाकडा झाला. आईने तो मधोमध ठेवला. बाबा २००९ साली गेले. तो दिवा आता मी करते.

तेव्हापासून मी कुठल्याही दीपगृहात गेले की आधी तिथल्या माणसाला भेटते. कारण आपण मनोरा पाहतो, फोटो काढतो, पण दिवा लावणारं माणूस आपल्याला दिसत नाही. पूर्वी ते कुटुंबासह सड्यावर राहत. पावसाळ्यात बेटावरच्या दीपगृहाचा किनाऱ्याशी संपर्क तुटे. आता यंत्रं आली आहेत. दिवा आपोआप लागतो, आपोआप विझतो. जहाजांवर उपग्रहांवरून जागा सांगणारी उपकरणं आहेत. मच्छीमाराच्या होडीतही जीपीएस असतं. मग दिव्याची गरज काय, असा प्रश्न मला मुलं विचारत. मी त्यांना सांगे, यंत्र बंद पडलं, बॅटरी उतरली, तर माणूस काय करतो? मान वर करून किनाऱ्याकडे बघतो. तिथे काहीतरी असायला हवं.

आपल्या देशात दोनशेहून अधिक दीपगृहं आहेत. त्यांच्यासाठीचा कायदा १९२७ सालचा होता. २०२१ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. जुन्या कायद्याची आठवण म्हणून २१ सप्टेंबर हा दीपगृह दिन मानतात. २०२३ साली गोव्यात आग्वादच्या किल्ल्यावर दीपगृहांचा पहिला राष्ट्रीय महोत्सव झाला. जागा योग्यच निवडली होती. आग्वादचा किल्ला १६१२ सालचा आणि तिथलं जुनं गोल दीपगृह १८६४ सालचं. १९७६ साली ते निवृत्त झालं आणि शेजारच्या नव्या दीपगृहाने काम हाती घेतलं. २०२४ साली देशातली पंचाहत्तर दीपगृहं पर्यटनासाठी सजवून खुली करण्यात आली. लोक येऊ लागले, हे चांगलंच झालं. फक्त सजावटीत दिव्याची गोष्ट हरवू नये.

तुम्हाला जायचं असेल तर दोन-चार गोष्टी सांगते. नारळी पौर्णिमेनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम. बहुतेक ठिकाणी वर चढायची परवानगी दुपारनंतर, दिवा लागायच्या आधीच्या थोड्या वेळात मिळते. आधी चौकशी करून जा. जिना अरुंद असतो, लहान मुलांचा हात सोडू नका. भिंगाला बोट लावू नका. बोटाचा एक डाग पुसायलाही तिथल्या माणसाला वेळ लागतो. आणि खडकांवर उतरणार असाल तर भरतीचा हिशेब करा. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यापुढे सहा तासांनी सुकती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, त्या दिवशी खडपावर पाऊलही टाकू नका. आणि आभाळ भरून आलं असेल तर कितीही जवळचा प्रवास असला तरी समुद्रावर जाऊ नका. हे शेवटचं मी माझ्या बाबांच्या वतीने सांगते आहे.

वर चढून आलात की खाली उतरायची घाई करू नका. शक्य असेल तर अंधार पडेपर्यंत जवळच्या पुळणीवर थांबा. आधी क्षितिजावरचा तांबडा रंग जाईल, मग समुद्र काळा होईल आणि मग डोक्यावरून पहिला झोत सरकत जाईल. मुलं बरोबर असतील तर त्यांना मोजायला सांगा.

उजेड नव्हे. काळोख.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)